वाटाड्या रस्त्याकडेचा की आकाशातला?

परगावी मोटारीने निघालेला माणूस आज फारसा कोणाला वाट विचारीत नाही. वळण येण्यापूर्वीच हातातील फोन ते सांगतो, चुकलेच तर न रागावता दुसरी वाट सुचवितो. या सोयीमागे उपग्रह आहेत हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यामुळे मोटारीला वाट दाखविण्याची कल्पनाच उपग्रहांबरोबर जन्मली, असा समज सहज होतो. वस्तुतः ही कल्पना त्याहून जुनी आहे. ज्या अभियंत्यांनी ती प्रथम गांभीर्याने हाती घेतली, त्यांची नजर आकाशाकडे नव्हतीच. ती रस्त्याकडे होती. रस्त्यात चुंबक पुरावेत, तारांची वेटोळी घालावीत, चौकातील खांबांवर दिवे बसवावेत आणि रस्त्यानेच मोटारीला 'डावीकडे वळ' असे सांगावे, ही ती कल्पना. अमेरिका, जपान, जर्मनी व ब्रिटन या देशांत सुमारे तीस वर्षे तिच्यामागे बुद्धी आणि पैसा खर्ची पडला. अखेरीस ती जवळजवळ सर्वत्र सोडून द्यावी लागली. तंत्रज्ञान पुढे गेले म्हणून ती मागे पडली, हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे उत्तर अर्थशास्त्रात शोधावे लागते.

आरंभ १९६६ साली अमेरिकेत झाला, असे मानावयास हरकत नाही. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाने त्या वर्षी 'डेअर' नावाची योजना पुढे आणली. प्रवासास निघण्यापूर्वी चालकाने आपल्या मार्गाची छिद्रे पाडलेली पत्रिका मोटारीतील यंत्रात सारावयाची. रस्त्याच्या पृष्ठभागाखाली ठराविक संकेताने चुंबक पुरलेले असत. मोटार त्यांवरून गेली की तिच्या तळाशी असलेली जाणयंत्रणा तो संकेत वाची, पत्रिकेतील छिद्रांशी ताडून पाही आणि चालकासमोर डावा, उजवा किंवा सरळ यांपैकी एक बाण उजळे. अडचणीच्या वेळी केंद्राशी बोलण्यासाठी रेडिओची सोयही या योजनेत होती. कल्पना चतुर खरी, परंतु तिच्यातील वाटाड्या आंधळा होता. चुंबक म्हणजे निव्वळ मैलाचा दगड. पुढे अपघात झाला आहे की पूल बंद आहे, हे ना चुंबकाला ठाऊक ना पत्रिकेला.

ही उणीव दूर करण्याचा प्रयत्न अमेरिकेच्या संघीय रस्ते खात्याने त्याच दशकाच्या अखेरीस केला. 'अर्ग्ज' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत चालकाने आपल्या इच्छित स्थळाचा सांकेतिक शब्द मोटारीतील चकत्या फिरवून जुळवावयाचा. चौकाजवळ रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यावरून मोटार गेली की तो शब्द विद्युत्-लहरींद्वारे रस्त्याकडेच्या पेटीकडे जाई. पेटी आपल्या कोष्टकात पाही आणि त्या चौकापुरती सूचना मोटारीला परत धाडी. येथे ज्ञान मोटारीत नसून रस्त्यात होते. मोटारीला स्वतःचे ठिकाण कळण्याचीही गरज नव्हती. चौकच तिला ते सांगणार होता. शिवाय या पेट्या मध्यवर्ती संगणकाला जोडल्या तर वाहतुकीची स्थिती पाहून सूचना बदलता येणार होत्या. राजधानी वॉशिंग्टनमध्ये मोजक्या ठिकाणी चाचणी झाली आणि १९७० च्या सुमारास अमेरिकी संसदेने पैसा नाकारला. देशात चौक लाखो आणि त्यांतील प्रत्येकात खोदकाम करावयाचे. हा खर्च कोणाच्या खात्यावर टाकावयाचा, याचे उत्तर नव्हते.

जपानने मात्र हाच धागा अधिक चिकाटीने पुढे नेला. तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योग मंत्रालयाने १९७३ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प म्हणून हे काम हाती घेतले. टोकियोच्या नैर्ऋत्य भागातील सुमारे शंभर चौकांत यंत्रणा बसवून, तेराशेहून अधिक वाहनांसह १९७७ पासून प्रत्यक्ष चाचणी घेण्यात आली. मार्गदर्शन मिळालेली वाहने लवकर पोहोचतात, हे तीत दिसूनही आले. १९७९ मध्ये प्रकल्प संपला, आणि पुढे जे घडले ते कोणत्याही सरकारी कचेरीत वावरलेल्या माणसाला परके वाटणार नाही. रस्ते बांधणाऱ्या मंत्रालयाने १९८०च्या दशकात आपली वेगळी योजना काढली, तर वाहतूक सांभाळणाऱ्या पोलीस खात्याने आपली वेगळी. रस्ता एक, मोटार एक, पण तिला वाट दाखविण्याचा अधिकार कोणत्या खात्याचा यावर स्पर्धा. दोन्ही योजनांची सांगड घालून एकच सेवा प्रत्यक्षात येण्यास १९९६ साल उजाडले.

युरोपात पश्चिम जर्मनी आघाडीवर होता. रूर या औद्योगिक प्रदेशातील सुमारे शंभर किलोमीटरच्या द्रुतगती मार्गांवर १९७९ पासून काही शे वाहनांसह तारांच्या वेटोळ्यांची 'अली' नावाची चाचणी झाली. पुढची पायरी अधिक महत्त्वाची होती. रस्ता खोदण्याऐवजी चौकातील सिग्नलच्या खांबावरच अवरक्त किरणांचा दिवा बसविला तर? डोळ्यांना न दिसणारे हे किरण खालून जाणाऱ्या मोटारीशी क्षणार्धात दोन्ही बाजूंनी बोलू शकतात. १९८९ च्या सुमारास पश्चिम बर्लिनमध्ये सीमेन्स व बॉश यांच्या सहभागाने सुमारे अडीचशे ठिकाणी असे दिवे लागले आणि सातशेच्या आसपास मोटारींत यंत्रे बसली. प्रत्येक मोटार दिव्याखालून जाताना दोन कामे करी. पुढील मार्गाची माहिती घेई, आणि मागच्या दिव्यापासून येथवर येण्यास आपल्याला किती वेळ लागला हे मुकाट्याने सांगून जाई. शेकडो मोटारींच्या या निरोपांतून कोणत्या रस्त्यावर कोंडी आहे याचे चित्र केंद्रातील संगणकात आपोआप तयार होई. आज फोनच्या नकाशावर रस्ते तांबडे-हिरवे दिसतात, त्यांमागील तत्त्व हेच. फरक इतकाच की निरोप्याचे काम मोटारीकडून खिशातील फोनकडे आले.

पश्चिम बर्लिनची निवड सोयीची होती. चहूबाजूंनी भिंतीने वेढलेले शहर, त्यामुळे बाहेर जाणाऱ्या मोटारींचा प्रश्न मर्यादित. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी ती भिंत खुली झाली आणि ज्या शहरासाठी दिव्यांची मांडणी केली होती ते शहरच बदलले. इतिहासाने केलेली ही थट्टा बाजूला ठेवली, तरी तिच्यातून या पद्धतीचे मूळ दुखणे उघडे पडते. जेथे दिवा आहे तेथेच वाटाड्या बोलणार. दिव्यांची हद्द संपली की मोटारीतील महागडे यंत्र मुके. हॅनोव्हरच्या किंवा म्युनिकच्या माणसाने ते का विकत घ्यावे? आणि यंत्रे विकली जात नसतील, तर हॅनोव्हरच्या नगरपालिकेने दिवे का लावावेत? ग्राहक दिव्यांची वाट पाहतो आणि दिवे ग्राहकांची. पहिल्या शंभर दूरध्वनिधारकांपुढे अशीच अडचण होती, कारण दूरध्वनीचा उपयोग दुसऱ्याकडेही दूरध्वनी असण्यावर अवलंबून असतो. परंतु दूरध्वनीची तार घराघराने वाढत जाऊ शकली. चौकातील दिवे तुटक लागले तर त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य असतो.

ब्रिटनने यावर त्या काळातील आपल्या धोरणाला साजेसा तोडगा शोधला. सरकारने दिवे लावू नयेत, फक्त परवाना द्यावा. दिवे खाजगी कंपनीने लावावेत आणि वर्गणी वसूल करावी. लंडनसाठीच्या या 'ऑटोगाइड' योजनेचे छोटे प्रात्यक्षिक वेस्टमिन्स्टर ते हीथ्रो विमानतळ या पट्ट्यात १९८८ मध्ये झाले आणि १९८९ मध्ये त्यासाठी रीतसर कायदाही संमत झाला. कायदा राहिला, योजना मात्र उभी राहिली नाही. हजारभर खांबांवर प्रथम पैसा ओतावयाचा आणि वर्गणीदार कधी मिळतील याची शाश्वती नाही, अशा व्यवहारात पडावयास भांडवल सहसा तयार नसते. सरकारला जो धोका नको होता तो खाजगी कंपनीने आनंदाने पत्करावा, ही अपेक्षाच भाबडी होती.

दरम्यान एक तिसरा पक्ष उभा राहत होता. त्याला ना चौकातील दिवा हवा होता ना आकाशातील उपग्रह. मोटारीने आपले ठिकाण स्वतःच ओळखावे, असे या पक्षाचे म्हणणे. होंडा कंपनीने १९८१ मध्ये वायूवर चालणारा दिशादर्शक आणि त्यासमोर सरकविण्याचे पारदर्शक नकाशे असे यंत्र जपानी ग्राहकांपुढे ठेवले. कॅलिफोर्नियातील ईटॅक या कंपनीचे १९८५ मधील यंत्र त्याहून पुढे गेले. चाकांचे फेरे मोजावयाचे, होकायंत्राने दिशा पाहावयाची आणि कॅसेटवर साठविलेल्या नकाशाशी ते ताडावयाचे. अशा मोजणीत चूक साचत जाते. परंतु मोटार शेतातून धावत नाही, रस्त्यावरूनच धावते, या साध्या गोष्टीचा लाभ घेऊन प्रत्येक वळणावर ती चूक दुरुस्त करता येते. हे तत्त्व अमेरिकेत रॉबर्ट फ्रेंच यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी वापरून पाहिले होते. त्यांचे यंत्र कशासाठी होते? वृत्तपत्रे घरोघर टाकणाऱ्या गाडीला वाट दाखविण्यासाठी. सकाळचा अंक हाती घेणाऱ्या वाचकाने हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

ईटॅकचे यंत्र महाग होते, त्याचे ग्राहक थोडे होते. पण ज्या शहराची कॅसेट उपलब्ध होती तेथे ते पहिल्या ग्राहकालाही पूर्ण उपयोगी पडत असे. दुसऱ्या कोणाकडे ते आहे की नाही, नगरपालिकेने काही बसविले आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. बाजारात वस्तू रुजण्यासाठी हा गुण निर्णायक ठरतो. चौकातील दिव्यांवर मेहनत घेणाऱ्या बॉश कंपनीनेच १९८९ मध्ये ईटॅकच्या पद्धतीवर आधारलेले यंत्र युरोपात विकावयास आणले, यावरून वारे कोणत्या दिशेला वाहू लागले होते ते कळते.

उपग्रह आले ते या पार्श्वभूमीवर, आणि ते मोटारींसाठी आलेच नव्हते. अमेरिकी सैन्याच्या गरजेसाठी जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले व २६९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी ही सेवा पूर्ण झाल्यावर नागरी वापरास खुली राहील असे जाहीर केले. चोवीस उपग्रहांची पूर्ण यंत्रणा १९९५ मध्ये सिद्ध झाली. तरीही नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळली जात असे, ती सुमारे शंभर मीटरची. समांतर धावणाऱ्या दोन रस्त्यांपैकी मोटार कोणत्या रस्त्यावर आहे हे शंभर मीटरच्या अचूकतेने सांगता येत नाही. मे २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही भेसळ थांबली आणि खऱ्या अर्थाने चौकातील दिव्यांचा निकाल लागला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून दीपस्तंभ शिकविला जातो. एका जहाजाने त्याचा प्रकाश वापरला म्हणून दुसऱ्या जहाजाला तो कमी पडत नाही, आणि पैसे न देणाऱ्याला त्यापासून वंचितही ठेवता येत नाही. रोनल्ड कोझ यांनी १९७४ मध्ये या पाठ्यपुस्तकी उदाहरणाला धक्का दिला. इंग्लंडमधील कित्येक दीपस्तंभ दीर्घकाळ खाजगी मंडळींनी चालविले होते आणि त्यांचे शुल्क बंदरात वसूल होत असे, हे त्यांनी दाखवून दिले. चौकातील दिवा हा कोझ यांच्या दीपस्तंभासारखा होता. ज्याच्याकडे सांकेतिक यंत्र आहे त्यालाच तो कळणार, म्हणून त्यावर वर्गणी लावता येणार. उपग्रह मात्र पाठ्यपुस्तकातला दीपस्तंभ निघाला. तो केवळ प्रक्षेपण करतो. ऐकणारे दहा असोत वा अब्जावधी, त्याचा खर्च तोच. वाढीव ग्राहकामागील सीमान्त खर्च शून्य. आणि मूळ अवाढव्य खर्च? तो शीतयुद्धाच्या खात्यावर अमेरिकी करदात्याने आधीच भरून टाकलेला. लंडनच्या खांबांवर पैसा घालू इच्छिणाऱ्या कंपनीची स्पर्धा अशा फुकट वस्तूशी व्हावयाची होती. या सामन्याला तंत्रज्ञानाचा सामना म्हणणे हे अर्थव्यवहाराकडे डोळेझाक करण्यासारखे आहे.

दोन्ही पद्धतींत आणखी एक भेद आहे आणि तो तितक्याच गंभीर विचारास पात्र आहे. उपग्रहाकडून ऐकणारे यंत्र केवळ ऐकते. आपण कोठे आहोत हे ते उपग्रहाला कळवीत नाही. चौकातील दिवा मात्र मोटारीला ओळखू शकतो. याचे पडसाद हाँगकाँगमध्ये उमटले. तेथे १९८३ ते १९८५ या काळात सुमारे अडीच हजार वाहनांच्या तळाशी विद्युत् पट्ट्या बसवून, रस्त्यातील वेटोळ्यांच्या साहाय्याने गर्दीच्या रस्त्यांवर शुल्क आकारण्याचा प्रयोग झाला. यंत्रणा अचूक चालली, पण जनतेने ती नाकारली. महिन्याच्या बिलात आपण केव्हा कोठे गेलो हे सरकारला दिसणार, ही भीती १९९७ मध्ये सत्तांतराची वाट पाहणाऱ्या शहरात निराधार नव्हती. गंमत अशी की ज्या पाळतीला हाँगकाँगकर घाबरले तिच्याहून कितीतरी तपशीलवार नोंद आज जगभरचे लोक खिशात बाळगतात. उपग्रह ऐकून घेत नसला तरी फोन ऐकलेले सर्व कंपनीला कळवितो.

मग दिवे गेले म्हणून हळहळण्याचे कारण काय? ते समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्ये दोन रस्त्यांचे एक उदाहरण मांडले. ते साध्या आकड्यांत असे सांगता येईल. दोन गावांमध्ये एक रुंद पण वळशाचा रस्ता आहे, त्याने कितीही मोटारी गेल्या तरी ६० मिनिटे लागतात. दुसरा जवळचा पण अरुंद आहे. एकूण १,००० मोटारींपैकी सर्वच त्यावर आल्या तर ६० मिनिटे, निम्म्या आल्या तर ३०. प्रत्येक चालक स्वतःपुरता विचार करील तर अरुंद रस्ता रुंद रस्त्यापेक्षा वाईट कधीच नाही, म्हणून सर्व तेथेच घुसतात आणि प्रत्येकाला ६० मिनिटे लागतात. ५०० मोटारी वळशाने पाठविल्या असत्या तर त्यांचे काहीही न बिघडता उरलेल्या ५०० जणांची प्रत्येकी ३० मिनिटे वाचली असती. अरुंद रस्त्यावर शिरणारा प्रत्येक जण इतरांचा वेळ खातो, पण त्याची किंमत त्याला मोजावी लागत नाही. फ्रँक नाइट यांनी १९२४ मध्ये प्रत्युत्तर दिले की अरुंद रस्ता खाजगी मालकीचा असता तर मालकाने नेमका योग्य टोल लावला असता. उत्तर बिनतोड आहे, रस्ते मात्र सहसा तसे नसतात. ब्रिटिश अभियंते वॉर्डरॉप यांनी १९५२ मध्ये हाच भेद वाहतूकशास्त्राच्या भाषेत मांडला. प्रत्येकाने आपल्यापुरती उत्तम वाट निवडल्याने सर्वांची मिळून उत्तम व्यवस्था होत नाही.

चौकातील दिव्यांमागे नगराचा मध्यवर्ती संगणक होता. त्याला वाटले तर तो ५०० मोटारींना वळशाने पाठवू शकला असता. शाळेसमोरचा रस्ता टाळा, रुग्णालयाच्या गल्लीतून जाऊ नका, असे त्याला नगरपालिका सांगू शकली असती. लंडनच्या योजनेवरील चर्चेत वस्तीतल्या रस्त्यांवर वाहने वळविली जातील ही चिंता व्यक्त झाली होती आणि परवान्याच्या अटींनी तिला आवर घालणे शक्य होते. फोनमधील वाटाड्यावर अशी अट नाही. तो ज्याच्या खिशात आहे त्याचा नोकर आहे, त्या रस्त्यावर राहणाऱ्यांचा नव्हे. न्यू जर्सीतील लिओनिया या छोट्या गावाने या वाटाड्याच्या सल्ल्याने गल्ल्यांत शिरणाऱ्या मोटारींना कंटाळून जानेवारी २०१८ मध्ये सुमारे साठ रस्ते गर्दीच्या वेळी बाहेरच्यांना बंद केले. न्यायालयाने तो हुकूम त्याच वर्षी रद्दबातल ठरविला. गल्लीतील रहिवाशाने दाद मागावयाची कोणाकडे, हा प्रश्न तेव्हापासून तसाच आहे. दिवे पुन्हा लावून तो सुटणार नाही. परंतु मार्ग सुचविणाऱ्या कंपन्यांनी कोणते रस्ते वगळावेत हे ठरविण्याचा अधिकार नगरपालिकेस असावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. रस्ता नगराच्या पैशाने बांधलेला असतो, कंपनीच्या नव्हे.

जपानने यातून मधली वाट काढली. १९९६ पासूनच्या तेथील सेवेत मोटार आपले ठिकाण स्वतःच, नकाशा व उपग्रह यांच्या आधारे ओळखते. रस्त्याकडेचे दिवे आणि रेडिओ तिला फक्त कोंडीची व बंद रस्त्यांची बातमी देतात. खर्चासाठी मासिक वर्गणी नाही. यंत्राच्या किमतीतच एक लहानसे शुल्क मिळविलेले असते, ते ग्राहकाला जाणवतही नाही. कोझ यांच्या दीपस्तंभाचे शुल्क बंदरात वसूल होई, हे दुकानात वसूल होते. त्यातील द्रुतगती मार्गांवरील जुन्या रेडिओ दिव्यांची सेवा मार्च २०२२ मध्ये थांबविण्यात आली, ती मात्र उपग्रहांमुळे नव्हे. टोलवसुलीसाठी बसविलेल्या नव्या रस्त्याकडेच्या यंत्रांनी ते काम अंगावर घेतले म्हणून.

आपल्याकडे चौकातील वाटाड्या कधी आलाच नाही, पण टोलनाक्यावर रस्त्याकडेचे यंत्र आले आहे. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. काचेवरील पट्टी आणि वरील वाचकयंत्र यांचे नाते मोटार व बर्लिनच्या दिव्यासारखेच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती करून उपग्रहाच्या साहाय्याने, जितके अंतर तितका टोल आकारण्यास वाट मोकळी केली. एप्रिल २०२५ मध्ये मात्र, १ मेपासून देशभर उपग्रहाधारित टोल सुरू करण्याचा कोणताही निर्णय झालेला नाही, असा खुलासा मंत्रालयाला करावा लागला. फाटक नसलेल्या निवडक नाक्यांवर क्रमांकपट्टी वाचणारे कॅमेरे व फास्टॅग यांची जोडी बसविण्याचे ठरले. प्रत्येक वाहनात नवे यंत्र कोणी आणि कोणाच्या खर्चाने बसवावयाचे, आणि त्याने जमविलेली वाहनाच्या फिरण्याची नोंद कोणाच्या ताब्यात राहावयाची, हे दोन्ही प्रश्न त्या निर्णयाआड अजून उभे आहेत.